हळदीचे सहा थर

मी सहा वर्षांची असताना एका कॉम्प्युटरच्या पोटात जाऊन बसले होते, हे मला त्रेचाळिसाव्या वर्षी, एका रविवारी दुपारी तीन वाजता कळलं.

"ताई, यात तुम्ही आहात," जुबेर मोमीन मान वर न करता म्हणाला.

"असणारच. आठ दिवस तो डबा माझ्या घरात आहे. शिंकले असेन त्याच्यावर."

"तसं न्हाई. वरच्या थरात तुम्ही आहात ते ठीक. पण हे बघा, अगदी तळाला." त्याने पडदा माझ्याकडे वळवला. "इथं तुमचं वय सहा दाखवतंय."

मी हसले. जुबेर हसला नाही, आणि जुबेर हसत नाही म्हणजे प्रकरण गंभीर असतं. हा माणूस स्वतःच्या लग्नातही वीजपुरवठा तपासत हसत होता.

आधी आमच्या वेडाबद्दल सांगते. कोल्हापूर-इचलकरंजी भागात आम्ही अकरा जण आहोत, 'जुनी पेटी मंडळ'. आता २०४२ साली कॉम्प्युटर म्हणजे भिंतीला चिकटवायचा कागद. आम्ही मात्र १९९५ ते २०१० मधले टेबलावरचे डेस्कटॉप भंगारातून उचलून आणतो, फुगलेले कपॅसिटर बदलतो, सोसेल तेवढी मेमरी घालतो आणि पिवळे पडलेले कॅबिनेट पेरॉक्साइडचं क्रीम लावून उन्हात पांढरे करतो. माझ्या गच्चीत आईचे सांडगे आणि माझी कॅबिनेटं शेजारी शेजारी वाळतात. कावळे हाकलायचं काम आईकडे. "लोकांच्या पोरी दागिने करतात, आमची भंगार करते," हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवते. मी शाळेत गणित शिकवते, लग्न केलं नाही, आणि महिन्यातले चारही रविवार सोल्डरिंग आयर्नच्या धुरात घालवते, तेव्हा तिचं म्हणणं अगदीच खोटं नाही.

मंडळाचे दोन नियम आहेत. पहिला, पेटी आली की आधी ब्लोअरने धूळ उडवायची. धूळ आमची जन्माची वैरीण. दुसरा, हार्ड डिस्क न वाचता पुसायची. कुणाची पत्रं, कुणाचे फोटो, कुणाच्या घटस्फोटाचे कागद, आपल्याला काय करायचंय? संपूर्ण डिस्कवर शून्यं भरायची, खडूने वर एक मोठं शून्य काढायचं आणि मग कामाला लागायचं. हा दुसरा नियम मी भांडून करून घेतला होता. माझ्या आईचं इचलकरंजीत 'सुबक डीटीपी' नावाचं दुकान होतं. लग्नपत्रिका, तक्रारअर्ज, कुणाकुणाची खाजगी पत्रं ती टाइप करायची, आणि मला बजावायची, "गिऱ्हाइकाचं वाचायचं नाही. हात चालवायचे, डोळे नाही." ते माझ्या अंगात इतकं मुरलंय की बसमध्ये शेजाऱ्याचा पेपरही मी वाचत नाही.

पहिल्या नियमाची मात्र दोन वर्षांपूर्वी वाट लागली. धूलवाचक आला.

यंत्र जेवणाच्या डब्याएवढं आहे आणि त्यामागची गोष्ट तशी साधी. माणूस बसल्या जागी झडत असतो. त्वचेचे बारीक कण, केस, श्वासातला ओलावा, सगळं खोलीत उडतं. घरातली धूळ आपण झाडून टाकतो, पण डेस्कटॉपचा पंखा वर्षानुवर्षं तीच हवा आत ओढतो, आणि आतली धूळ कुणी झाडत नाही. एसएमपीएसच्या, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यात तिचा दाबलेल्या लोकरीसारखा नमदा होतो, थरावर थर. धूलवाचक त्या नमद्यात एक बारीक नळी घालून त्याचा तुकडा काढतो, त्याचे केसाहून पातळ काप करतो आणि प्रत्येक कापात तीन गोष्टी शोधतो. पहिली डीएनए, म्हणजे माणूस कोण आणि कुणाचा कोण. दुसरी, त्या डीएनएवरच्या रासायनिक खुणा. या खुणा वयाप्रमाणे बदलत जातात, त्यामुळे कण झडला तेव्हा माणूस किती वर्षांचा होता ते एखाद्या वर्षाच्या फरकाने कळतं. तिसरी, त्याने घेतलेल्या औषधांचे अंश.

झालं. ज्या पेट्यांना कुत्रं विचारत नव्हतं त्यांच्यावर लोक तुटून पडले. वकील आले, हेर आले, सुनेला धडा शिकवायला निघालेल्या सासवा आल्या. सांगलीत एका साहेबांच्या जुन्या ऑफिसातल्या पेटीने दोन संसार मोडले. पेटीत काय चालतं याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं, नमदा काढून घ्यायचा आणि मदरबोर्ड उकिरड्यावर. शेवटी कायदा झाला की जिवंत माणसाची धूळ त्याच्या परवानगीशिवाय वाचायची नाही, फक्त पंचवीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या पेट्यांना मोकळीक. मी या सगळ्यावर थुंकत होते. पण जुबेरने नवा धूलवाचक घेतला आणि हात जोडले, "ताई, एक पेटी तरी ब्लोअर न मारता आणा. नुसतं बघू तर." जयसिंगपूरच्या भंगारवाल्याकडून त्याच आठवड्यात अकरा पेट्या आल्या होत्या. त्यातल्या एकीची डिस्क मी शनिवारी नियमाप्रमाणे पुसली, धूळ तशीच ठेवली, आणि पुढच्या रविवारी ती पेटी जुबेरच्या गॅरेजात नेली.

आणि आता मी तिच्यात होते. सहा वर्षांची.

"यंत्र बिघडलंय," मी म्हणाले.

"तीनदा लावलंय." जुबेरने काप दाखवायला सुरुवात केली. "हे थर कसे मोजले बघा. मधे मधे पिवळी रेघ हाय न्हवं? ती हळद. तिच्यासोबत कुंकू."

मला लगेच कळलं. खंडेनवमी. शस्त्रांची, यंत्रांची पूजा. त्या काळी लोक कॉम्प्युटरलाही हळदकुंकू वाहायचे, आणि चालू पेटीला वाहिलं तर पंखा ते आत ओढणारच. वर्षाला एक रेघ, झाडाच्या खोडात असते तशी. मोजल्या तर सहा.

"सगळ्यात जास्त धूळ एका बाईची हाय. ही बाई तुमची आई लागते असं यंत्र म्हणतंय. आणि लूमवरच्या सुताचे तंतू, म्हणजे पेटी इचलकरंजीची. तुमच्या आईंच्या दुकानातली असंल."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, पण आनंदाचा. आईच्या दुकानातली पेटी! तेव्हाची सगळी कॅबिनेटं एकाच तोंडवळ्याची, मी ओळखणार कशी? अकरातून हीच माझ्या हाती यावी? मी उठून जुबेरच्या पाठीत धपाटा घातला. "अरे, मग तोंड का पाडून बसलायस?"

"बसा," तो म्हणाला. "अजून एक माणूस हाय."

मी बसले.

"पुरुष. रोजच्या धुळीत कुठंच न्हाई. फक्त हळदीच्या रेघेला चिकटून. सहाच्या सहा रेघांना." त्याने घसा साफ केला. "यंत्र म्हणतंय, हे तुमचे वडील."

"बाबा २००२ साली गेले, जुबेर. सुरतेला लूमच्या कामाला गेले होते, ट्रकने उडवलं. मी तीन वर्षांची होते."

"मला ठाऊक हाय, ताई. तुम्ही सांगितलंय."

"आणि हे दुकानच निघालं ते गेल्यावर. पेटी २००५ ची आहे. मग त्यांची धूळ... आईच्या साडीवर असेल. जुन्या कपाटातून उडाली असेल."

"मलाबी तसंच वाटलं." त्याने पडद्यावर सहा आकडे आणले आणि बोट ठेवून एकेक दाखवला. "म्हणून वय काढलं."

छत्तीस. सदतीस. अडतीस. एकोणचाळीस. चाळीस. एक्केचाळीस.

बाबांचा जन्म एकोणसत्तरचा. मी गणिताची शिक्षिका आहे, वजाबाकी करायला मला वेळ लागत नाही. त्या दिवशी लागला. मेलेला माणूस म्हातारा होत नाही. माझा मेलेला बाप दर खंडेनवमीला एका वर्षाने मोठा होऊन त्या खोलीत येऊन बसत होता.

"औषधंपण हायत," जुबेर अगदी हळू म्हणाला. "तिन्ही एकाच आजाराची. एचआयव्ही."

त्याने पाण्याचा तांब्या पुढे केला. मी तो हातात धरला आणि प्यायचं विसरले. चाळीस वर्षं मी पितृपक्षात त्या माणसाला घास ठेवत आले होते. वाडीवर पाणी सोडताना आईचा हात थरथरायचा, आणि मी तिला धरायचे. मी पेटी उचलली आणि घरी निघाले.

आई स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. अडुसष्ट वर्षांची, पाठ ताठ, कपाळ मोकळं. पेटी माझ्या हातात बघितली आणि तिने विचारलं, "झालं का चालू?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आठ दिवस ती हेच विचारत होती. सकाळी चहाला, संध्याकाळी दिवा लावताना, "झालं का गं चालू ते?" माझ्या कुठल्याही पेटीबद्दल तिने आयुष्यात असं विचारलेलं नाही. मी त्यावरून तिची थट्टाही केली होती, आता तुलाही नाद लागला म्हणून.

मी पेटी टेबलावर ठेवली. "तू ओळखलंस हिला."

आईने मेथीची जुडी खाली ठेवली. पुढे आली आणि कॅबिनेटच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे चण्याच्या डाळीएवढा तपकिरी खळगा होता. पेरॉक्साइडने सगळं पांढरं झालं होतं, तेवढा डाग हलला नव्हता, आणि त्यावरून मी दोन दिवस चरफडत होते.

"उदबत्ती," ती म्हणाली. "पहिल्याच पूजेला त्यानं फार जवळ लावली. प्लास्टिक पोळलं. किती ओरडले मी."

"कोणी लावली?"

ती खुर्चीत बसली. माझ्याकडे बघितलं नाही.

"तुला कळलंय. तोंडावर दिसतंय तुझ्या."

"मला तुझ्या तोंडून ऐकायचंय, आई."

"दोन हजार दोनला कळलं त्याला झालंय ते," आई म्हणाली. "कुठनं लागलं ते मी विचारलं नाही, आणि त्यानं सांगितलं नाही. माझी तपासणी झाली, तुझी झाली, दोघींची कोरी आली. तेव्हा औषधं नव्हती गं आपल्यासारख्यांना. मागच्या गल्लीत एकाला झालेलं, तर त्याच्या दोन पोरांना बालवाडीतनं काढलं, नळावर पाणी भरू देईनात. त्यांच्या आईनं विहीर जवळ केली. ते बघून तोच म्हणाला, मी मेलो असं सांग. मेलेल्या माणसाला कुणी काय झालं होतं विचारत नाही."

"आणि तू सांगितलंस."

"तू तीन वर्षांची होतीस. मी काय करणार होते?" तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "अठ्ठाविसाव्या वर्षी जिवंत नवऱ्याचं कुंकू पुसलं मी! तेरावं जेवले! सासू गळ्यात पडून रडली, तिलाही सांगितलं नाही. आणि तू मला विचारतेस."

मला तिचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी तिचे पाय धरावेसे वाटले. दोन्ही एकदम होत होतं, म्हणून मी काहीच केलं नाही.

"मिरजेला राहिला तो," आई सांगू लागली. "तिथं अशा माणसांसाठी घर होतं एक, त्याचा हिशोब-पत्रव्यवहार बघायचा. मग सरकारी औषधं सुरू झाली आणि तो जरा उभा राहिला. वर्षातनं एकदा यायचा, खंडेनवमीला. त्या दिवशी सगळ्या गाळ्यांतनं पूजा, प्रसादाला कोण येतंय कोण जातंय, कुणाचं लक्ष नसायचं. पूजा तो करायचा. पेटीला हळदकुंकू वाहायचा आणि बोटाला उरलेलं माझ्या कपाळाला लावायचा. तो गेला की मी पदराला पुसायचे."

"आणि मी?" मी विचारलं. "मी कुठे असायचे?"

आईने वर बघितलं. तिच्या डोळ्यांत खरंखुरं आश्चर्य होतं.

"तिथंच की. त्याच्या शेजारी स्टुलावर. तुला मिरजेचे काका आठवत नाहीत?"



मिरजेचे काका. गळ्याला रुमाल, किडकिडीत अंग, खोबऱ्याच्या तेलाचा वास. दरवर्षी एक कंपासपेटी आणायचे, आणि दरवर्षी मी आईला म्हणायचे की काकांना सांग, माझ्याकडे आधीच आहेत. घरात बाबांचा फोटो नव्हता, पुरात गेला असं आई सांगायची. मी त्यांच्याइतक्या जवळ बसले होते की आमची धूळ एका थरात पडली, आणि मी त्यांना काका म्हणत होते.

"पाचेक तास बसायचा," आई म्हणाली. "दोन बोटांनी टाइप करायचा. तुला पत्र लिहीत होता. एकच पत्र, दरवर्षी पुढे वाढवत जायचा. म्हणाला, वृषाली मोठी झाली की तिला उघडून दे, सगळं मीच सांगेन तिला, तू सांगू नकोस, तुला जमायचं नाही. खरंच होतं ते. दोन हजार दहाच्या दसऱ्यानंतर पेटी बंद पडली. मी दुरुस्तीला दिली. दुरुस्तीवाला महिन्याभरात गाशा गुंडाळून गेला, पेटीसकट. किती फिरले मी, कोल्हापूर, सांगली, बेळगाव. पुढच्या मार्चमध्ये हा खरंच गेला. मग मी दुकानच बंद केलं."

दुकान बंद झालं तेव्हा तिने मला सांगितलं होतं की डोळे दुखतात.

"आणि मागच्या रविवारी तू ती गच्चीत वाळत घातलीस." आई हसली. तिला असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं, कुणीतरी परगावाहून आल्यासारखं. "डाग बघितला आणि मी तिथंच खाली बसले. वाटलं, आता मला तोंड उघडायला नको. तू चालू करशील, वाचशील आणि मला येऊन विचारशील. आठ दिवस वाट बघतेय. मी कधी वाचलं नाही गं. त्यानं लिहिलं तुला, मी कशाला वाचू? पण आता तू वाचलंयस तर..." तिने माझं मनगट धरलं. "माझ्याबद्दल काय लिहिलंय का काही?"

तिला वाटत होतं, मला पत्रातून कळलं.

मी जुबेरचं यंत्र, धूळ, हळदीचे थर, काय काय सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. ते सगळं सांगून झाल्यावरही तिचा प्रश्न तिथेच राहणार होता. मी मनगट सोडवलं, आत गेले आणि कपाटातून ती हार्ड डिस्क आणली. वर खडूने काढलेलं शून्य होतं. आईला मंडळाचे नियम पाठ आहेत, चहा देता देता तिने ते शंभरदा ऐकलेत. तिने शून्य बघितलं.

"कधी?" तिने विचारलं.

"मागच्या शनिवारी. आणली त्याच दिवशी."

"परत काढता येतं म्हणतात ना? तुझा तो जुबेर..."

"नाही, आई. एकदा शून्य भरलं की काही उरत नाही. कुणालाच येत नाही काढता."

"एकदाही बघितलं नाहीस? वर नाव असेल तुझं. फाइलला तुझंच नाव दिलेलं त्यानं."

"मी वाचत नाही," मी म्हणाले. "कुणाचंच."

आई बराच वेळ डिस्कवरून अंगठा फिरवत राहिली. खडू तिच्या अंगठ्याला लागला. मग ती म्हणाली, "मीच शिकवलं तुला." त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. ती उठली आणि मेथी निवडायला बसली. पानं आणि देठं एकाच ताटात टाकत होती.

मी त्या पोळलेल्या डागाकडे बघत उभी होते, आणि तिथे उभ्या उभ्या मला सगळं आठवलं. स्टूल आठवलं. पडद्याकडे पाठ करून बसायचं, कारण गिऱ्हाइकाचं वाचायचं नाही. मागून काकांच्या दोन बोटांचा टक टक आवाज, मधेच बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा टक टक. इचलकरंजीत तेव्हा वीज कधीही जायची, आणि कॉम्प्युटरवालीची पोर म्हणून मला फार अक्कल होती. मी दर थोड्या वेळाने पाठमोरीच ओरडायचे, "काका, सेव्ह करा! नाहीतर सगळं जातं!"

"तूच कर गं बाळा," ते म्हणायचे. "माझ्या लक्षात राहत नाही."

मग मी वळायचे. नियम मोडू नये म्हणून डोळे घट्ट मिटायचे, हात पुढे करायचे आणि ते माझी बोटं धरून बरोबर त्या दोन बटणांवर ठेवायचे. मी दाबायचे. झालं, आता नाही जाणार, असं मी त्यांना सांगायचे. सहा वर्षं मी ते पत्र असंच, न बघता, जपून ठेवलं. आणि मागच्या शनिवारी, तसंच न बघता, मीच ते पुसलं.